साधं भरा, सर

आता तुम्ही म्हणाल, पेट्रोलपंपावर कुणाचं प्रेम जमतं का? तिथं येणारा प्रत्येक माणूस निघायच्या घाईत असतो, वासानं डोकं उठलेलं असतं, आणि बोलायचं तर एकच वाक्य असतं, टाकी फुल्ल करा. पण सौदामिनीचं जमलं. लातूर सोडून नांदेड रस्त्याला थोडं पुढं गेलं की शरणप्पा मामाचा पंप लागायचा, तिथं जमलं. आणि तेही अशा दिवशी, की ज्या दिवशी तिला कुणाचं तोंडसुद्धा बघायची इच्छा नव्हती.

गणपती उठले की दुसरा दिवस तिचा असाच जायचा. दहा वर्षांपूर्वी विसर्जन आटोपून गाव झोपलं, आणि पहाटे किल्लारीकडचा तो भूकंप झाला. औसा तालुक्यातल्या तिच्या गावात दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचं माळवद, अशीच सगळी घरं. शाळामास्तर वडील शिवमूर्ती, आई आणि धाकटा भाऊ त्या माळवदाखाली गेले. बारा वर्षांची सौदामिनी तेवढी वाचली, कारण मिरवणुकीत दमलेली ती मैत्रिणींबरोबर शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्येच लवंडली होती. मग लातूरचे शरणप्पा मामा तिला घेऊन आले. मामाचं घर चांगलं दुमजली, पण पोरगी तिथं डोळा मिटेना. शेवटी पंपामागच्या पत्र्याच्या खोलीत तिची खाट टाकली, तेव्हा कुठं ती झोपली.

तेव्हापासून ती पत्र्याखालीच झोपायची. स्लॅबखाली दिवसा घटकाभर बसेल, पण झोप म्हणाल तर नाही. बारावी सायन्सला मामानं हौसेनं लातूरच्या होस्टेलात घातलं, तर चार मजली इमारतीत रात्रभर टक्क जागी आणि दिवसा वर्गात पेंगायची. दिवाळीच्या आत परत आली. केमिस्ट्री राहिली ती राहिलीच, बाहेरून बारावी आणि बी.कॉम. करून ती पंप बघू लागली. पुढं स्थळं आली. ‘मुलगी पत्र्यातच झोपणार’ म्हटल्यावर लोक एकमेकांकडं बघायचे, पोह्यांची बशी खाली ठेवायचे आणि आले तसे जायचे. त्यानंतर सौदामिनीनं ही गोष्ट कुणाला सांगायचंच सोडून दिलं.

तर त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. आभाळ खाली उतरलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्याच आठवड्यात पंपावर प्रीमियम पेट्रोलचं नवं मशीन बसलं होतं, आणि पोरं सुट्टीवर म्हणून ती स्वतःच मशीनजवळ उभी होती. एवढ्यात एक पांढरी मारुती आठशे वळून आत आली. काच खाली झाली. आत एक तरुण, चष्म्यावर वाफ धरलेली, शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी बोटं लागलेली.

“साधं का प्रीमियम?” तिनं विचारलं.

“प्रीमियम.”

तिनं गाडीकडं बघितलं. दारं पत्र्याला पत्रा लागून वाजत होती.

“कशाला?”

“म्हणजे?”

“प्रीमियम कशाला? आठशे हाय ही. कंपनीच्या पुस्तकात साधंच सांगितलंय हिला. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल जास्त दाबाच्या इंजिनाला लागतं. हिच्या पोटात घातलं तर हिला कळणार पण न्हाई.”

त्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालून तिच्याकडं नीट बघितलं. “पंपावर उभं राहून स्वस्तातलं घ्या म्हणून भांडणारं माणूस पहिल्यांदा बघून राहिलो.”

“भांडत न्हाई. सांगते.”

“बरोबर आहे तुमचं. पण माझ्या गाडीचं जरा...” तो काहीतरी सांगायला गेला. तिनं बाहीनं पापण्यांवरचं पाणी पुसलं आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं, “काय?”

“काही नाही,” तो म्हणाला. “साधं भरा.”

तो काय सांगणार होता ते तिनं खोदून विचारलं असतं, तर पुढचं कितीतरी टळलं असतं. पण नाही विचारलं. तिनं पेट्रोल भरलं, झाकण लावलं. तो मात्र जायचं सोडून स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला.

“तुम्हाला बरं नाही का? डोळे सुजलेत.”

“पेट्रोलच्या वासानं.”

“वासानं डोळे सुजत नाहीत. मी केमिस्ट्री शिकवतो.”

सौदामिनीला राग यायला पाहिजे होता. त्याऐवजी त्या भिकार दिवसात पहिल्यांदाच तिला कुणाशी तरी दोन शब्द बोलावंसं वाटलं. पण मागं ट्रक येऊन हॉर्न द्यायला लागला, आणि पांढरी गाडी पावसात निघून गेली.

त्याचं नाव रेवणसिद्ध बिराजदार. लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. क्लासचं तेव्हा असं पेव फुटलं होतं की गावोगावची पोरं ट्रंका घेऊन लातुरात उतरायची आणि एकेका खोलीत चौघं-पाचजण दाटीनं राहायची. लातूरचे सर नांदेडला आणि नांदेडचे सर लातूरला, अशी सरांची ने-आण चालायची. रेवण सर शनिवारी नांदेडला जायचे आणि रविवारी परतायचे. गाडीत बरोबर साहेबराव सर म्हणजे फिजिक्स, मागं गणित आणि जीवशास्त्र. अख्खी बारावी सायन्स त्या एका आठशेत कोंबलेली असायची.

दर शनिवारी गाडी पंपावर थांबू लागली. बाकीचे तिघं चहाला टपरीवर जायचे. रेवण सर मात्र उतरून मशीनजवळ उभे राहायचे, हाताची घडी घालून, परीक्षेला सुपरव्हिजन केल्यासारखे.

“साधंच ना, सर?” ती हसून विचारायची.

“तुम्ही म्हणाल ते.”

“गाडी तुमची हाय.”

“पंप तुमचा आहे.”

परतताना ते अर्धापूरची केळी आणायचे. मामासाठी म्हणून आणायचे आणि तिच्या हातात द्यायचे. मामा केळी सोलता सोलता दोघांकडं आळीपाळीनं बघायचे आणि काहीच न दिसल्यासारखं करायचे. चांगले होते मामा.

एकदा थंडीत, ती टाकीत नळी धरून उभी असताना, तिनंच विचारलं. “सर, ऑक्टेन ऑक्टेन म्हणतात, ते नक्की काय हो? कंपनीच्या पत्रकात नुसते आकडे देतात. मला आतली गोष्ट पाहिजे.”

त्याचा चेहरा खुलला. मास्तर माणूस, कुणी विचारलं की विरघळणारच. “इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबतात. दाबलं की ते तापतं. काही पेट्रोल इतकं उतावळं असतं, की ठिणगी पडायच्या आधीच दाबानं आपलं आपण भडकतं. भलत्या वेळी भडकलं की इंजिन आतून ठोके खातं, टक टक टक. आणि काही पेट्रोलला धीर असतो. कितीही दाबा, ठिणगी येईपर्यंत गप्प राहतं. तो धीर म्हणजे ऑक्टेन.”

“म्हणजे तुमच्यासारखं.”

“कसं?”

“कितीबी दाबा, बोलायचं म्हणून न्हाई.”

रेवण सर कानापर्यंत लाल झाले. “ठिणगी पडायची वाट बघून राहिलो,” असं ते म्हणाले, पण इतकं हळू... की तिनं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं आणि मशीनवरचा आकडा बघत राहिली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचं कशात लक्ष लागलं नाही. दोन गिऱ्हाइकांना तिनं डिझेल का पेट्रोल हेही विचारलं नाही, पोरांनी धावत येऊन सावरलं.

असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. ती त्याच्यावर जीव लावून बसली होती, यात आता लपवायचं काय? शनिवार उजाडला की वेणी दोनदा घालायची. पण खाटेवर पडून वरच्या पत्र्याकडं बघताना ती मजले मोजत बसायची. कारण बोलता बोलता त्यानं सांगितलं होतं, की तो आणि त्याची आई रत्नम्मा लातुरात तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि वर अजून दोन मजले आहेत. सौदामिनी मनातल्या मनात तो जिना चढून बघायची. पहिल्या मजल्यापर्यंत जमायचं. मग वरचं सगळं वजन मानेवर यायचं आणि तिला श्वास घेता यायचा नाही. हे सांगितलं तर तोही पोह्यांची बशी खाली ठेवणार, एवढंच तिला माहीत होतं.

आषाढातल्या एका रविवारी त्यानं विचारलं. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. सोबतचे तिघं टपरीवर.

“आईला तुम्हाला भेटायचंय. पुढच्या रविवारी घरी याल का?” मग घाईघाईनं म्हणाला, “तिसरा मजला आहे, पण जिना सोपा आहे.”

तिनं नळी जागेवर अडकवली. ती तशीच पाठमोरी राहिली.

“न्हाई जमणार, सर.”

“पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या...”

“कधीच न्हाई जमणार.”

त्यानं का म्हणून विचारलं नाही. तोच त्याचा दोष होता, माणूस विचारायचंच नाही. “बरं,” म्हणाला, गाडीत बसला, आणि केळ्यांचा घड द्यायचा राहिला तो तसाच मागच्या सीटवर निघून गेला.

पुढचा शनिवार आला, गाडी आली नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला. सौदामिनी रस्त्याकडं बघायची नाही असं ठरवून बघायची. पांढरी आठशे दिसली की मशीन सोडून पुढं व्हायची, आणि आत कुणी भलताच असायचा. मामांनी एकदा विचारलं, “मिने, सर आजारी हायत का?” ती म्हणाली, “मला काय ठाऊक?” आणि मागं खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आपणच हाकलला आणि आपणच रडतोय, याची तिला लाज वाटली.

मग एका शनिवारी साहेबराव सर जीपमधून उतरले. जीपवाला डिझेल भरत होता आणि हे एकटेच पंपावर येरझाऱ्या घालत होते. तिला राहवलं नाही.

“सर, तुमची गाडी?”

“गाडी कसली? संपली.” साहेबराव सर बोलायला बसले की थांबत नसत. “मागच्या पंधरवड्यात, अहमदपूरच्या पुढच्या चढावर पिस्टनला भोक पडलं. नांदेडला देगलूर नाक्यावर महेबूब मिस्त्रीकडं उघडून ठेवलीय; रेवण रविवारी क्लास झाला की तिथंच जाऊन बसतो. अहो, होणारच होतं. मागं एकदा तापून बंद पडली, तेव्हा मिस्त्रीनं तिच्या इंजिनाचं वरचं झाकण, ते हेड, घासून सपाट केलं होतं. हेड घासलं की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. मिस्त्रीनं तेव्हाच सांगितलं होतं, ‘सर, अब इसको उंचा पेट्रोल पिलाना.’ कंपनीचं पुस्तक आता हिला लागू नाही. आणि हा गडी वर्षभर साधं घालून राहिला. चढाला लागलो की टकटक टकटक, आम्हाला आत ऐकू यायची. मी दहादा म्हटलं, अरे, तू पोरांना ऑक्टेन शिकवतो ना? तर म्हणे, पंपावरच्या मॅडम साधंच भरा म्हणतात.”

ती खांबाला धरून उभी राहिली. साहेबराव सर अजून काहीतरी सांगत होते, पण तिला फक्त एक वाक्य ऐकू येत होतं, तिचं स्वतःचं. हिच्या पोटात घातलं तर हिला कळणार पण न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मामाला सांगून नांदेडची एसटी धरली.

देगलूर नाक्यावर एकाला एक लागून गॅरेजं. महेबूब मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे चार खांबांवरचं पत्र्याचं छप्पर, आणि त्यावर बारीक पाऊस वाजत होता. आठशेचं बॉनेट उघडं, इंजिन खाली फडक्यावर मांडलेलं. रेवण सर एका टायरवर बसले होते, क्लास संपवून आलेले. तिला बघून ते उभे राहिले आणि पुन्हा बसले.

“तुम्हाला ठाऊक होतं?” ती म्हणाली.

“काय?”

“हिला साधं चालत न्हाई म्हणून.”

“हाव.”

“पहिल्या दिवसापासून?”

“त्याच्या आधीपासून.”

“मग मला बोलला का न्हाई?”

त्यांनी हातातलं नटबोल्ट उलटसुलट केलं. “त्या दिवशी तुम्ही रडलेल्या होता. म्हटलं, आज हिला चूक म्हणायला नको, पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारी तुम्ही हसून म्हणालात, साधंच ना, सर? मग काय सांगणार? तुम्ही मला आवडता, म्हणून नाही बोललो. चढावर हळू न्यायचो. वाटलं, निभेल.”

महेबूब मिस्त्री पाना घेऊन निमूटपणे दुसऱ्या गाडीकडं निघून गेला. शहाणा माणूस.

“निभत न्हाई, सर,” सौदामिनीचा आवाज चढला. “ज्याला जे लागतं ते मिळालं न्हाई की ते आतल्या आत फुटतं. वरून कुणाला दिसत पण न्हाई. तोंड दिलंय ना देवानं? मला हे लागतं, ते मला चालत न्हाई, एवढं बोलायला काय जातं माणसाचं? मी काय खाल्लं असतं तुम्हाला? आं?”

“मग तुम्ही का बोलत नाही?”

तिनं तोंड पावसाकडं फिरवलं.

“मी घरी या म्हटलं,” ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही कधीच नाही म्हणालात. का, ते नाही सांगितलं. मला वाटलं मी आवडत नाही. तसं असेल तर सांगा. नसेल तर... तुम्हाला काय लागतं ते सांगा.”

बाहेर एक ट्रक गेला, पाण्याचा फवारा छपरापर्यंत आला. सौदामिनी खाली फडक्यावरच्या त्या भोक पडलेल्या पिस्टनकडं बघत राहिली. मग तिनं सांगितलं. गाव सांगितलं, माळवद सांगितलं, आई-बाबांचं आणि भावाचं सांगितलं. शाळेची शेड सांगितली, होस्टेल सांगितलं, निघून गेलेली स्थळं सांगितली. सांगताना ती रडली नाही. शेवटी म्हणाली, “मला वर पत्रा लागतो, सर. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर मी जागीच मरीन. आवडण्याचं म्हणाल तर... तुम्ही मला लई आवडता. पण मला पत्रा लागतो.”

रेवण सरांनी हातातलं नटबोल्ट खाली फडक्यावर ठेवलं. ‘मी आहे ना’, ‘सवय होईल’, असलं काही ते बोलले नाहीत. तेवढ्यासाठी तरी ती जन्मभर त्यांची ऋणी राहिली असती.

“मग माझंही सांगतो,” ते म्हणाले. “आईनं पत्र्याच्या खोलीत राहून मला वाढवलंय. फ्लॅट घेतला तेव्हा ती पहिल्या दिवशी छताला हात लावायला स्टुलावर चढली होती. ती पत्र्याखाली परत यायची नाही. आणि मी तिला सोडायचा नाही.”

“हाव,” सौदामिनी म्हणाली. “सोडू पण नका.”

आता सगळं बोलून झालं होतं, आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोघं एकाच एसटीनं परत निघाले. शेजारी शेजारी बसले. पुढच्या सीटच्या दांडीवर त्याचा हात होता आणि बोटभर अंतरावर तिचा. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, ते बोटभर अंतर तसंच राहिलं. पंपाजवळ ती उतरली तेव्हा तो म्हणाला, “छत्री घ्या.” ती म्हणाली, “तुम्हाला लागेल.” एसटी निघून गेली. ती भिजत खोलीपर्यंत गेली, आणि मग मात्र पोटभर रडली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. जेवण जाईना, कामात मन लागेना. मामा केळी आणून ठेवायचे, ती काळी पडायची. श्रावण लागला, रोजची भुरभुर. एकदा मामा म्हणाले, “आपण तुझी खोली जरा मोठी करू का गं, मिने?” ती म्हणाली, “कुणासाठी?” मामांनी पुन्हा विषय काढला नाही.

आणि एका सोमवारी दुपारी पंपावर रिक्षा थांबली. आधी रेवण सर उतरले, मग इरकल नेसलेल्या एक ठेंगण्या बाई. पदर सावरत त्यांनी चौफेर बघितलं आणि थेट सौदामिनीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मी रेवणची आई. कुठंय तुझी खोली?”

मामांची धांदल उडाली. कुणी खुर्ची आणली, कुणी चहा सांगितला. रत्नम्मा खुर्चीवर न बसता सरळ मागच्या खोलीत गेल्या आणि खाटेवर बसल्या. तेवढ्यात पावसाची मोठी सर आली आणि पत्रा असा वाजायला लागला की बोललेलं ऐकू येईना.

“लई वाजतं की गं हे,” रत्नम्मा वर बघत मोठ्यानं म्हणाल्या.

“हाव. वाजतं म्हणूनच झोप येते. वर काय चाललंय ते कळतं मला. स्लॅब काही सांगत न्हाई.”

रत्नम्मांनी तिच्याकडं निरखून बघितलं. पाऊस ओसरला तसा त्यांनी आवाज उतरवला. “हे बघ, मला न्हाई जमायचं बाई इथं. उदगीरला माझं सगळं तरुणपण पत्र्याखाली गेलं. उन्हाळ्यात अंगाची लाही, पावसाळ्यात घरभर भांडी मांडायची. ह्याचे वडील गेले तेव्हा हा एवढासा. तेव्हाच म्हटलं होतं, मरायच्या आधी पक्क्या छताखाली झोपीन. आता मिळालंय ते मी सोडायची न्हाई.”

“सोडू नका,” सौदामिनी म्हणाली. ती मनापासून म्हणाली.

“तेच ह्यानं पण सांगितलं, की तू असं म्हणालीस. तेव्हापासून विचार करून राहिले मी.” त्यांनी चहाची बशी हातात घेतली. “संध्याकाळचं जेवण माझ्याकडं करायचं. जेवून झालं की तुम्ही दोघं या इकडं तुमच्या पत्र्यात. सकाळी हा शिकवायला, तू पंपावर. कुणी असा संसार केला नसेल. म्हणून करायचाच न्हाई असं कुठं हाय? जेवायला तरी बसता येईल का गं स्लॅबखाली?”

सौदामिनीला विश्वास बसेना. “येईल... दाराजवळ बसले तर.”

“दाराजवळ तर दाराजवळ. त्यात काय.”

“पण ताई,” मामा मधेच म्हणाले, “रात्रीचं तुम्ही एकट्या तिथं? भीती बिती...”

“मला कसली भीती? एकदा डोळा लागला की घर पडलं तरी उठायची न्हाई मी.”

बोलून गेल्या आणि त्यांचा हात तोंडावर गेला. मामांचा कप बशीत वाजला. दारात उभ्या असलेल्या रेवण सरांचा चेहरा पांढरा पडला.

इतक्या वर्षांत सौदामिनीसमोर असं कुणी बोललं नव्हतं. भिंत, माळवद, पडणं, हे शब्द लोक तिच्यासमोर गिळायचे. ती आली की बोलणं बदलायचे, आवाज उतरवायचे. आणि ही बाई तिच्या खाटेवर बसून, कुणाही घरात कुणीही बोलावं तसं बोलून बसली होती. सौदामिनीला आधी काही कळलं नाही. मग तिला हसू फुटलं. तोंड दाबून आवरेना इतकं हसू आलं, आणि हसता हसता कधी रडू आलं ते तिचं तिलाच समजलं नाही. ती खाली बसली आणि तिनं रत्नम्मांचा हात दोन्ही हातांत धरला.

“उठायचं,” ती हुंदके देत म्हणाली. “घर हललं की उठायचं, आई. अंथरूण-पांघरूण काही बघायचं न्हाई. उठायचं आणि दाराकडं पळायचं.”

आई. तो शब्द तिच्या तोंडून निघाला आणि तिलाच ऐकू आला. गाव गेल्यापासून तिनं तो कुणाला म्हटला नव्हता. रेवण सर तोंड फिरवून बाहेर पावसाकडं बघायला लागले, चष्मा काढून.

रत्नम्मांनी पदरानं तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. “माझी झोप लई जड हाय गं,” त्या म्हणाल्या. “मला उठवायला कुणीतरी जवळ पाहिजे.”

सौदामिनीनं त्यांचा हात सोडला नाही. वर पत्र्याकडं बघितलं, आणि पुन्हा त्यांच्याकडं.

“येईन,” ती म्हणाली. “आत्ता लगेच न्हाई जमणार. पण येईन झोपायला तुमच्याजवळ.”